पोचा आलेला पाइप

टू-स्ट्रोक डर्ट बाइकचा फुगीर पाइप दगडावर आपटतो, पोचा येतो आणि मालक त्याच्याकडे प्रथमच निरखून पाहतो. हा नुसता धुराचा मार्ग नव्हे. त्याच्या निमुळत्या भागावरून परतणारी दाबलहर सिलिंडरमधून निसटलेलं ताजं मिश्रण पुन्हा आत ढकलते.

पूर्व जर्मनीत एमझेड या मोटरसायकल कंपनीच्या वाल्टर काडेन यांनी १९५०च्या दशकात या लहरीचं गणित नेमकं बसवलं. १९६१मध्ये त्यांचा रेसर एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळाला आणि ते गणित सुझुकीला मिळालं.

पोचा काढायला मेकॅनिक पाइपची दोन्ही तोंडं बंद करून आत हवा भरतो, पोच्याभोवती गॅसची ज्योत फिरवतो. पत्रा लाल होत हळूहळू वर येतो. उथळ पोच्याने फारसं बिघडत नाही. इंजिनाजवळचा खोल पोचा वाट अडवतो.

पत्रा फारच फाटला, तर नवाच पाइप. तरीही मालक जुना भंगारात द्यायला घुटमळतो.