आधी पाणी, मग डांबर

मंगल कार्यालयाच्या मालकाने मे महिन्यात वाहनतळाचं काम सांगितलं, तेव्हा ठेकेदाराने ना खडीचा हिशेब काढला, ना डांबराचा. त्याने पाण्याचा टँकर मागवला. पन्नास मीटर बाय चाळीस मीटरचं आवार, खाली जुनं खडीकरण, एका अंगाला स्वयंपाकघर, दुसऱ्या अंगाला पुण्याचा रस्ता. टँकर सोडला आणि तो बाजूला उभा राहून पाहू लागला. थोडं पाणी रस्त्याकडे गेलं, बरंचसं मधल्या खोलगट भागात साचलं आणि एक धार थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पोचली. ओल जिथवर गेली तिथवर त्याने चुन्याची फक्की टाकून घेतली. पुढचं सगळं काम त्या पांढऱ्या रेघेवरून ठरलं.

रस्त्याचं बरं असतं. मधोमध उंच, दोन्ही कडांना उतार, पाणी आपोआप गटारात. वाहनतळाला अशा कडा नसतात; भिंत असते, पायऱ्या असतात, दारं असतात. मीटरमागे दोन सेंटिमीटर उतार धरला, तर चाळीस मीटरच्या आवारात एक टोक दुसऱ्यापेक्षा ऐंशी सेंटिमीटर खाली न्यावं लागतं. लग्नाची बस अशा ठिकाणी नीट उभी करता येते, पण फाटकाशी आणि दाराशी पातळी जुळवायची कशी? म्हणून मधोमध जाळीचं गटार घेतलं आणि दोन्हीकडून त्याच्याकडे उतार दिला. ऐंशीचे चाळीस झाले.

हा उतार मुरूम आणि खडीतच करून घ्यावा लागतो. मालकाचं म्हणणं होतं, “खोलगट आहे तिथे डांबर जास्त टाका की!” ऐकायला ते बरोबर वाटतं. पण गरम माल रोलरखाली दबतो तेव्हा त्याची जाडी साधारण पाचव्या हिश्शाने कमी होते. जिथे थर जाड, तिथे दबणंही जास्त. खड्डा वरून भरला, तर तो खड्डा वर तोंड काढतोच.

तेवीस वर्षांपूर्वी, स्वतंत्र काम घेतलं त्या पहिल्याच वर्षी, ठेकेदाराने एका दुकानांच्या इमारतीसमोर आहे त्याच पायावर सरळ डांबर ओढलं होतं. काळंभोर, आरशासारखं काम. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तळघरातल्या कापडाच्या गठ्ठ्यांपर्यंत पाणी गेलं. त्या दुकानदाराचा चेहरा त्याला अजून आठवतो. तो थर त्याने उखडून स्वखर्चाने पुन्हा केला; टँकर मागवण्याची सवय तेव्हापासूनची.

आपण सगळ्यालाच डांबर म्हणतो. खरं तर जुनं डांबर दगडी कोळशातून निघायचं; कपाटातल्या डांबरगोळ्यांचं नाव त्याच घराण्यातलं. आज रस्त्यावर पडतं ते खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून उरलेलं बिटुमेन. जमिनीतून आपोआप पाझरणारं बिटुमेन मोहेंजोदडोच्या लोकांनी महास्नानगृहाची गळती रोखायला लिंपलं होतं. म्हणजे पाण्याशी त्याचं नातं हजारो वर्षांचं. तरीही दगड आणि डांबर यांच्या मधल्या फटीत पाणी शिरलं, की ते डांबराला दगडावरून सोलून काढतं. आपला काळा बेसॉल्ट डांबराला ग्रॅनाइटपेक्षा बरा धरतो, हे सह्याद्रीचं देणंच म्हणायचं.

आणि हा पदार्थ कधी पूर्ण घट्ट होत नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात 1927 साली काचेच्या नरसाळ्यात भरलेला डांबरी राळेचा गोळा अजून थेंब थेंब गळतो आहे. नववा थेंब 2014 साली पडला. धावत्या चाकाचा भार क्षणाचा असतो, उभ्या गाडीचा तासांचा. मे महिन्याच्या दुपारी मोटारसायकलचा स्टँड डांबरात बोटभर रुततो तो यामुळेच. म्हणून दुचाकींच्या रांगेत ठेकेदाराने सिमेंटचे पेव्हर ब्लॉक घातले. मालकाला रंग वेगळा दिसेल याची काळजी होती. ठेकेदाराने ऐकलं नाही, आणि बरंच केलं.

दोन मुहूर्तांच्या मध्ये तीन दिवस मोकळे मिळाले. पहाटेच डांबर आणि पाण्याच्या इमल्शनचा फवारा मारला. ते पडतं तेव्हा चहासारखं तपकिरी असतं; त्यातलं पाणी उडून काळं झाल्याशिवाय त्यावर माल टाकायचा नाही. मग ताडपत्री झाकलेले टिपर येऊ लागले. चाळीस मिलिमीटर थराला एकशे नव्वद टनांच्या आसपास माल, म्हणजे सोळा टनांच्या बारा खेपा. शंभर किलो मालात डांबर जेमतेम पाच-साडेपाच किलो, बाकी खडी आणि भुकटी. प्रत्येक टिपरमध्ये थर्मामीटर खुपसून 140 अंशांच्या खालचा माल परत पाठवायचा, आणि तो 90 अंशांवर उतरायच्या आत दाबून घ्यायचा. इथे घाईला पर्याय नसतो.

वरून ऊन, खालून गरम मालाची वाफ. दंताळं ओढणाऱ्या मजुरांच्या बुटांचे तळवे मऊ पडतात. दुपारी बारा ते चार काम बंद, हा ठेकेदाराचा नियम. प्लांटवाले कुरकुरतात, तो त्या वेळेत माल मागवतच नाही.

रोलर खालच्या कडेकडून वर चढत जातो. ड्रायव्हरमामा साठीचे, गरम थरावर मशीन थांबवायचं नाही, हे त्यांना सांगावं लागत नाही. ड्रमला माल चिकटला की पाणीच मारायचं, डिझेल नाही. डिझेल डांबराला विरघळवतं. गटाराच्या चेंबरच्या कडेला रोलर पोचत नाही, तिथे हातातली धुम्मस.

पुण्याचा जंगली महाराज रस्ता 1976 साली रेकॉन्डो कंपनीने दहा वर्षांच्या हमीवर केला आणि तो कित्येक पावसाळे बिनखड्ड्याचा टिकला. ठेकेदार त्या रस्त्याचं नाव आदराने घेतो. पाया, उतार, तापमान, एवढ्याच गोष्टी तिथेही होत्या, असं तो म्हणतो.

जूनमधल्या पहिल्या सरीला तो छत्री घेऊन कार्यालयात गेला. पाणी दोन्ही बाजूंनी जाळीकडे धावत होतं, स्वयंपाकघराचा उंबरा कोरडा होता. फक्त पूर्वेकडच्या चेंबरपाशी ताटाएवढं तळं साचलं होतं. त्याने वाकून बोट बुडवलं, नखाएवढी खोली. पाऊस थांबल्यावर त्याने तिथे पिवळ्या खडूने गोल काढला आणि तेवढा तुकडा कापून पुन्हा भरायला मामांना फोन लावला.