दोन व्याही

एस. ए. कॉस्बीच्या 'रेझरब्लेड टिअर्स' (2021) या कादंबरीचा मराठी नमुना एका प्रकाशकाने मागितला होता. हाणामारीची मला धास्ती होती. अडले मात्र साध्या 'यू'पाशी.

गोष्ट व्हर्जिनियातली. आइक काळा, बडी ली गोरा. दोघेही तुरुंग भोगून आलेले. त्यांचे मुलगे, आयझाया आणि डेरेक, एकमेकांशी लग्न करून संसार करत होते. त्यांना छोटी मुलगीही होती. बापांना हे पचलं नव्हतं. मुलांना गोळ्या घातल्या जातात, पोलिसांचा तपास थंडावतो आणि हे दोन बाप सूड घ्यायला निघतात. कॉस्बी चेसापीक उपसागराकाठच्या मॅथ्यूज काउंटीत वाढलेला. त्यामुळे ट्रेलरमधलं घर, खटारा ट्रक, काळ्या-गोऱ्यांचा जुना हिशेब यातलं काही सजावटीला आलेलं नाही. (शेवटाकडे मुडदे जरा जास्तच पडतात, असं माझं मत.)

पण हे दोघे एकमेकांना काय म्हणतील? तुरुंगात राहिलेली माणसं, म्हणून आधी सरळ अरे-तुरे केलं. त्यांच्यातलं अंतरच नाहीसं झालं. 'तुम्ही' केलं, तर दोघे बँकेच्या काउंटरपाशी उभे असल्यासारखे वाटले. मग ध्यानात आलं, यांच्या नात्याला इंग्रजीत शब्दच नाही. आपल्याकडे आहे: व्याही. हिंदीत समधी, गुजरातीत वेवाई, तेलुगूत वियंकुडु. मुलं जिवंत असताना ज्यांनी हे लग्न मानलं नाही, त्यांना हा शब्द मुलं गेल्यावर लागू होतो. एके ठिकाणी, निवेदनात, मी तो घातला.

माझा धाकटा भाऊ हैदराबादला नऊ वर्षं एका तेलुगू मुलासोबत राहतो. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "बघ." गेल्या वर्षी भावाचं ऑपरेशन झालं. हॉस्पिटलच्या बाकावर बाबा आणि त्या मुलाचे वडील रात्रभर शेजारी बसले होते, एकमेकांना 'सर' म्हणत.

नमुन्याची प्रिंट बाबांना दिली. ते शुद्धलेखनासाठी पेन्सिल घेऊनच वाचतात. 'व्याही'खाली रेघ होती.

"हा शब्द मूळ पुस्तकात आहे?"

"नाही. मी घातलाय."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

"मग अहो-जाहोच ठेव," म्हणाले, आणि पान उलटलं.