सावकाश आण

आवडत्या लेखकाचे नवे पुस्तक निघाल्याचे कळावे आणि ते हाती पडेपर्यंत जीव थाऱ्यावर नसावा, हा एक सुखाचा रोग आहे. मला तो जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथांपायी जडला. पुस्तक पुण्या-मुंबईस प्रसिद्ध झाले, तरी आमच्या नांदेडास यावयास त्यास वेळ लागे. 'प्रेषित' काय, 'वामन परत न आला' काय, मी इतके हेलपाटे घालीत असे की, मला पाहताच दुकानदार नुसती मान हलवी. २० मे २०२५ रोजी नारळीकर निवर्तले आणि ही वाट पाहणेच संपले. नवे येणार नाही म्हटल्यावर मी जुनी पुस्तके पुन्हा काढली.

या गृहस्थांची पहिली विज्ञानकथाच मुळी वेषांतर करून आली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस 'कृष्णविवर' ही कथा त्यांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने धाडली. आपली आद्याक्षरे उलटी केली आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहवून घेतली. कीर्तीचा वशिला नको, एवढाच हेतू. कथेस बक्षीस मिळाले.

त्यांच्या 'यक्षांची देणगी' या संग्रहाची माझ्यापाशी आहे ती दुसरी प्रत. पहिली एका मित्राने नेली. तो लातूरकडचा, किल्लारीजवळच्या खेड्यात शिक्षक होता. 'उजव्या सोंडेचा गणपती' ही त्यातली कथा गणेशोत्सवात मुलांना वाचून दाखवावी, असे त्याच्या मनात होते. पुढे त्याचे पत्र आले : "विसर्जनाच्या दिवशीच निघून पुस्तक घेऊन येतो." मी उलटटपाली कळविले, "घाई कशाला? गणपती पोचवून सावकाश आण."

तो सन १९९३. विसर्जन आटोपून माणसे निजली आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदांचा भार निजलेल्यांच्या अंगावर आला. हजारो माणसे गेली. माझा मित्रही त्यांत गेला.

परवा 'गंगाधरपंतांचे पानिपत' पुन्हा वाचली. इतिहासाचे हे प्राध्यापक अशा एका जगात जाऊन पोचतात, जेथे विश्वासरावांना गोळी लागलीच नाही आणि पानिपत मराठ्यांनी जिंकले. विद्युत्कण नेमका कोठे सापडेल हे आधी सांगता येत नाही. मग जे घडले त्याच्या शेजारी, जे घडू शकले असते त्याचीही जगे का नसावीत, असा त्या कथेतला युक्तिवाद आहे. पूर्वी मला ती बुद्धीची गंमत वाटे. या खेपेस मात्र मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. एका जगात माझे पत्र टपालात गहाळ झाले असेल. तेथे मित्र विसर्जनादिवशीच नांदेडास आला असेल, आणि आम्ही दोघे उजव्या सोंडेवरून वाद घालीत असू.

परंतु नारळीकर शास्त्रज्ञ होते. त्यांनी वाचकास खोटा दिलासा दिला नाही. गंगाधरपंतांना ते जग पाहावयास मिळते, राहावयास मिळत नाही. त्यांना परतावेच लागते. खिशात तेथल्या बखरीचे एक फाटके पान तेवढे उरते. माझ्यापाशी तसले पानही नाही. तरी त्या कथेचे मजवर ऋण आहे. इतकी वर्षे ज्या 'जर'ला मी मनात थारा दिला नव्हता, त्यास तिने बसावयास पाट दिला.

काल शेजारचा मुलगा तेच पुस्तक मागावयास आला. मी दिले. जाताना त्याने विचारले, "आजोबा, कधी आणून देऊ?"

'सावकाश आण' हे शब्द ओठांवर आले होते. मी म्हणालो, "उद्याच ये बाबा. वाचून झाले नसले, तरी ये."