मुंबई ते लंडन : अंतर आणि अवधी

मुंबई ते लंडन हे अंतर, पृथ्वीगोलावर दोरा ताणून मोजले असता, सुमारे ७,२०० किलोमीटर भरते, आणि ते कोणाच्या हुकमाने अगर वाऱ्याने रेसभरही हलत नाही; हलतो तो अवधी, आणि तो किती हलतो याचा प्रत्यय मला २०२५च्या मे महिन्याअखेरीस कन्येकडे जाताना आला.

माझे चुलते पन्नासच्या दशकारंभी बॅलार्ड पिअरवरून बोटीने विलायतेस गेले होते. सुवेझमार्गे पंधरवड्याहून अधिक चाललेल्या त्या सफरीत बोटीवरील घड्याळे मधूनमधून थोडीथोडी मागे घेतली जात, त्यामुळे बंदर गाठेपर्यंत उतारूंच्या देहाला परमुलखाच्या वेळेचा सराव झालेला असे, असे ते सांगत; इतकी समंजस व्यवस्था प्रवासशास्त्रात पुढे झाली नाही, असे माझे मत आहे. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ कैरो व जिनिव्हा असे थांबे घेत लंडनला निघाले, तेव्हापासून अवधी आक्रसत गेला आणि देहाची ती सवलतही संपली.

आमचे विमान दुपारी एकच्या सुमारास उडाले. पाकिस्तानने एप्रिलात भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली होती आणि युक्रेनचे आकाश २०२२पासून नागरी वाहतुकीस मना होते. तो ताणलेला दोरा नेमका या दोन्ही मुलखांवरून जात असल्याने आम्हांस अरबी समुद्रावरून वळसा पडला. समोरच्या पडद्यावर ताशी ८३० किलोमीटर वेग आणि बाहेर उणे ५४ अंश तापमान दिसत होते. डावीकडच्या खिडकीत मात्र सूर्य जागच्या जागी खिळल्यासारखा तासन्‌तास तळपत होता. उतरलो तेव्हा माझ्या मनगटावर रात्रीचे अकरा वाजले होते, तेथे संध्याकाळचे साडेसहा, आणि मावळतीला अजून दोन तासांहून अधिक अवकाश. भूक नव्हती, डोळे मिटत होते, आणि रात्रीची रक्तदाबाची गोळी कोणत्या घड्याळाने घ्यावी या विवंचनेत मी कन्येपुढे उभा होतो.

परतताना उंचावरील पश्चिमी वाऱ्यांनी पाठीशी राहून वेग ताशी हजाराच्या वर नेला आणि तासाभराची बचत केली. पण साडेचार तासांचा फरक आता उलटा लागू होऊन रात्र अर्ध्यावरच तुटली.

वृद्ध आईवडिलांना परदेशी बोलावणाऱ्या मुलामुलींना माझी आग्रहाची विनंती आहे : तिकिटावरील दोन वेळांच्या वजाबाकीवर विसंबू नका, दोन्हीकडच्या घड्याळांतील फरक हिशेबात धरून प्रवासाचे खरे तास त्यांना आधी सांगा, औषधांच्या वेळा डॉक्टरांकडून निघण्यापूर्वीच लिहून घ्या, आणि पोचल्यावरचे पहिले दोन दिवस त्यांना घरीच राहू द्या.