आजींचा आवाज फाईलमध्येच होता



कॅमेऱ्यावर शूटिंग केलं, कार्ड टॅबला लावलं, आणि एडिटिंगच्या ॲपमध्ये व्हिडिओ दिसतच नाही. दिसला तर आवाज नाही. हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना आला असेल. आमच्या शाळेत तो यंदा आला. तो प्रश्न सोडवताना मी एक चूक करता करता वाचले. ती चूकही सांगते आणि उपायही सांगते, म्हणजे तुमचे दोन-तीन दिवस वाचतील.

आमची शाळा आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, डिंभे धरणाच्या फुगवट्याजवळ आहे. परिसर अभ्यास शिकवताना मी मुलांना विचारलं, "आपल्या तालुक्याचं नाव आंबेगाव, मग तहसील कचेरी घोडेगावला का?" कुणालाच सांगता येईना. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळालं ते आंबेगाव घोड नदीवरच्या डिंभे धरणात गेलं. या जलाशयाला आपल्याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळच्या हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे. मुलं रोज ते पाणी बघतात, पण पाण्याखाली गावं होती हे बऱ्याच जणांना नीट माहीत नव्हतं.

मग ठरलं, ज्यांनी ते सगळं पाहिलंय त्यांनाच विचारायचं. बुडालेल्या गावांपैकी एका गावच्या एक आजी आमच्या वस्तीवर राहतात. वय ऐंशीच्या पुढे. त्यांची आणि घरच्यांची परवानगी घेतली. मार्चमध्ये पाणी बरंच खाली गेल्यावर मुलं आणि चार पालक असे आम्ही आजींना घेऊन काठावर गेलो. तिथे वारा खूप असतो आणि टॅबवर वाऱ्याचाच आवाज जास्त येतो, म्हणून गावच्या एका मुंबईकराने शाळेला दिलेला जुना हँडीकॅम आणि स्टँड नेला. माइकवर सुती फडकं बांधलं. प्रश्न मुलांनीच काढले होते.

आजी काठीनं पाण्याकडे दाखवत बोलत होत्या. "त्या टेकाडाच्या खाली, जिथं पाणी चकाकतंय ना, तिथं आमचं घर. दाराम्होरं उंबर." एका मुलीनं विचारलं, "आजी, निघताना काय काय आणलं?" आजी जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "जातं आणलं. उंबर कसा आणणार?" असं बावीस मिनिटांचं रेकॉर्डिंग झालं.

खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी सुरू झाली.

कार्ड रीडरने कार्ड टॅबला जोडलं. स्क्रीनवर सूचना आली की कार्ड वापरता येत नाही, फॉरमॅट करा. चौथीतल्या एका मुलाचं बोट बटणाच्या अगदी जवळ गेलं होतं. मी हातच धरला त्याचा! मोठ्या क्षमतेच्या कार्डांची मांडणी बऱ्याचदा 'एक्सफॅट' पद्धतीची असते आणि काही टॅबना ती वाचता येत नाही. कार्ड चांगलं असतं, टॅबला ते कळत नाही एवढंच. म्हणून पहिला नियम लिहून ठेवा: फॉरमॅट विचारलं तर 'नाही' म्हणायचं आणि कार्ड काढून संगणकाला लावून बघायचं.

शाळेच्या लॅपटॉपवर कार्ड उघडलं. 'डीसीआयएम' फोल्डरमध्ये फक्त फोटो. मुलं रडकुंडीला आली, "बाई, व्हिडिओ गेला!" व्हिडिओ गेला नव्हता. सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २००६ मध्ये आणलेल्या 'एव्हीसीएचडी' पद्धतीच्या कॅमेऱ्यांत व्हिडिओ वेगळ्या जागी असतो: आधी 'प्रायव्हेट', त्यात 'एव्हीसीएचडी', त्यात 'बीडीएमव्ही', त्यात 'स्ट्रीम'. तिथे शून्यांनी सुरू होणाऱ्या नंबरांच्या 'एमटीएस' फाईली सापडल्या. मोठं रेकॉर्डिंग कॅमेरा आपोआप तुकड्यांत ठेवतो, म्हणून आमच्या एका मुलाखतीच्या दोन फाईली होत्या.

त्या टॅबमध्ये टाकल्या, तर एडिटिंगच्या ॲपला दिसेनात. मी नाव बदलून शेवटी 'एमपी४' लिहिलं. तरी उघडेना. मग एका मोफत ॲपमधून फाईल बदलून घेतली. चित्र आलं! आजी दिसल्या, काठी दिसली, मागे पाणी दिसलं. पण आवाज नाही. आजींचे ओठ हलत होते आणि टॅब मुका.

इथे माझी चूक झाली. तीन दिवस गेले होते, केंद्रावर सादरीकरणाची तारीख जवळ आली होती. मी मुलांना म्हणाले, "आवाज रेकॉर्ड झालेला नाही असं दिसतंय. आजी काय बोलल्या ते आपल्या वहीत आहेच. तुमच्यापैकी कुणीतरी छान आवाजात वाचा, आपण तो आवाज व्हिडिओला लावू." वाचणारी मुलगीही मी निवडून टाकली.

मागच्या बाकावरचा एक मुलगा, एरवी फार बोलत नाही, तो म्हणाला, "पण बाई, मग ती आजी नाही ना." आणि पुढे, "कॅमेऱ्यात तर ऐकू येत होतं."

खरंच की! काठावरून निघताना कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर आम्ही थोडं रेकॉर्डिंग लावून पाहिलं होतं. आवाज स्पष्ट होता. म्हणजे आवाज फाईलमध्ये होता. आम्ही ज्या ॲपवर ऐकत होतो त्याला तो कळत नव्हता. आणि मी मात्र आजींना गप्प करून त्यांच्या जागी दुसरा आवाज बसवायला निघाले होते.

नेमकं काय झालं होतं?

मुलांना मी डब्याच्या उदाहरणाने समजावलं. व्हिडिओ फाईल म्हणजे दोन कप्प्यांचा डबा. एका कप्प्यात चित्र, दुसऱ्यात आवाज. 'एमटीएस', 'एमपी४' ही डब्यांची नावं. नाव बदलणं म्हणजे डब्यावरची चिठ्ठी बदलणं, त्याने डबाही बदलत नाही आणि आतली भाजीही नाही. आमच्या डब्यातलं चित्र 'एच.२६४' प्रकारचं होतं. ते बहुतेक सगळ्या टॅबना चालतं. आवाज मात्र 'एसी-३' प्रकारचा होता. तो सगळ्या टॅबना आणि ॲपना वाचता येत नाही. त्यांना 'एएसी' प्रकारचा आवाज सोयीचा जातो.

मी आधी जुन्नर तालुक्यात होते, तेव्हा २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला मुलांना खोडदची महाकाय दुर्बीण बघायला नेलं होतं. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. एका मुलाने तिथे विचारलं होतं, "यातून तारे दिसतात का?" दिसत नाहीत. रेडिओ लहरी येतात आणि संगणकावर प्रक्रिया केल्यावर त्यातून माहिती हाती लागते. आमच्या फाईलचंही तसंच, आलेलं सगळं जागेवर होतं, फक्त ते टॅबला कळेल अशा रूपात आणायचं होतं.

आम्ही काय केलं

१. सगळ्यात आधी कार्डवरचं संपूर्ण 'प्रायव्हेट' फोल्डर लॅपटॉपवर आणि एका पेनड्राइव्हवर कॉपी केलं. काम पूर्ण होईपर्यंत कार्ड रिकामं केलं नाही.

२. मूळ फाईल 'व्हीएलसी' या मोफत प्लेअरमध्ये लावली. त्याला बहुतेक सगळे प्रकार वाचता येतात. आजींचा आवाज आला! वर्गात टाळ्या पडल्या. व्हीएलसीमध्ये आवाज आला तर समजायचं की रेकॉर्डिंग ठीक आहे, फक्त रूपांतर करायचं आहे.

३. लॅपटॉपवर 'हँडब्रेक' हे मोफत सॉफ्टवेअर घेतलं. त्यात फाईल टाकून असं निवडलं: डबा एमपी४, चित्र एच.२६४, आकार ७२०, आवाज एएसी स्टिरिओ, फ्रेम दर सेकंदाला २५ आणि 'कॉन्स्टंट'. आमचा कॅमेरा २५ चा आहे म्हणून २५, तुमचा वेगळा असेल तर तो आकडा ठेवा.

४. जुन्या कॅमेऱ्याचं चित्र ओळीआड ओळ असं साठवलेलं असतं. त्यामुळे कुणी पळालं की कडेला कंगव्याचे दात दिसतात. त्यासाठी 'फिल्टर्स'मध्ये 'डीइंटरलेस' चालू केलं.

५. तयार झालेल्या दोन्ही फाईली केबलने टॅबमध्ये टाकल्या आणि एडिटिंग ॲपमध्ये नंबरच्या क्रमाने जोडल्या.

आमच्या जुन्या लॅपटॉपला तासाभरापेक्षा जास्त वेळ लागला. मधे वीज जाऊ नये म्हणून मी देवाचं नाव घेत होते. आधी एक मिनिटाचा तुकडा करून बघा, तो ॲपमध्ये नीट चालला की मगच सगळं लावा.

पालकांसाठी दोन गोष्टी. नवे फोन कधी कधी 'एच.२६५' प्रकारात व्हिडिओ घेतात, तो जुन्या टॅबवर अडकतो. फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये एच.२६४ किंवा 'मोस्ट कम्पॅटिबल' असा पर्याय असेल तर शाळेसाठी शूटिंग करताना तो निवडा. आणि व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर त्याचा दर्जा घसरतो.

एडिटिंग मुलांनीच केलं. बावीस मिनिटांचे सहा झाले. काय कापायचं यावर भांडणं झाली. "उंबर कसा आणणार?" याच्या आधी आजी गप्प बसतात, ती जागा कापायची नाही असं त्याच मागच्या बाकावरच्या मुलाने ठरवलं, आणि मीही काही बोलले नाही.

केंद्राच्या सादरीकरणाआधी आम्ही तो आजींना दाखवला. त्यांच्या पडवीत, सायंकाळी, टॅबला छोटा स्पीकर लावून. आजींनी पूर्ण पाहिला. मुलं त्यांच्या तोंडाकडे बघत होती. संपल्यावर आजी म्हणाल्या, "चुकलं माझं. उंबर दाराम्होरं नव्हता, परड्यात होता. दाराम्होरं चिंच. पुन्हा घ्या."

मुलं कॅमेरा आणायला शाळेकडे पळाली.