भरलेल्या बाटल्या

वय थांबवणारी गोळी आमच्या मोहल्ल्यात पायी चालत येते. ओळखीतलीच एखादी बाई दुपारी घरी येते, चहा घेते आणि मग पिशवीतून डबी काढते. डबीवर डाळिंबाचं आणि द्राक्षांचं चित्र असतं. खाली मोठ्या अक्षरांत ‘अँटिऑक्सिडंट’ लिहिलेलं असतं. महिनाभराच्या डबीला दोन गॅस सिलिंडरांएवढे पैसे पडतात. तरीही बायका घेतात, भिशीच्या पैशातून घेतात. चेहऱ्यावर सुरकुती दिसू लागली की बाईच्या मनात जी धास्ती बसते तिच्यापुढे गॅस सिलिंडरचा हिशेब टिकत नाही.

अम्मीनेही घेतली. अम्मी एकसष्ट वर्षांची आहे, चाळीस वर्षं तिने शिलाई मशीन चालवली. डबी माझ्यासमोर ठेवून म्हणाली, “तू तो साइन्स पढ़ाती है, बता, क्या है इसमें?”

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. ऑक्सिडीकरणाला आमच्याकडे ‘तकसीद’ म्हणतात आणि त्याला अडवणाऱ्या पदार्थाला ‘माने-ए-तकसीद’. शब्द भारदस्त आहे, पण गोष्ट घरातलीच. सफरचंद कापून ठेवलं की तांबूस पडतं. त्यावर लिंबू चोळलं तर लवकर पडत नाही. लिंबातलं क जीवनसत्त्व हे काम करतं. हा प्रयोग वर्गात केला, तेव्हा एका मुलाने दप्तरातून वेफर्सचं पाकीट काढून दाखवलं. मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘अँटिऑक्सिडंट ३१९’. तेल खवट होऊ नये म्हणून घातलेलं रसायन. म्हणजे हा शब्द वाचूनच वस्तू विकत घ्यायची असेल तर वेफर्स डबीपेक्षा फारच स्वस्त.

या शब्दाला एवढी प्रतिष्ठा आली त्याला इतिहास आहे. १९५६ साली डेनहॅम हरमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने मांडलं की शरीर प्राणवायू वापरतं तेव्हा काही उपद्रवी कण तयार होतात, ते पेशींना इजा करतात आणि ही इजा साचत जाते तेच म्हातारपण. कल्पना सुंदर होती. मग सरळ हिशेब झाला : त्या कणांना आवरणारी गोळी घ्या, म्हातारपण आवरेल. दोन नोबेल मिळवणारे लायनस पॉलिंगसुद्धा क जीवनसत्त्वाच्या मोठमोठ्या मात्रांचे पुरस्कर्ते झाले. पण शरीर इतकं सरळ नाही. ज्यांना आपण उपद्रवी म्हणतो त्याच कणांचा वापर आपल्या पांढऱ्या पेशी जंतू मारायला करतात. फिनलंडमध्ये एकोणतीस हजारांहून अधिक सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. गाजराला रंग देणाऱ्या बीटा कॅरोटीनच्या गोळ्या ज्यांना दिल्या होत्या, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हायच्या ऐवजी १८ टक्के जास्त आढळला. हा निकाल १९९४ चा आहे. मोहल्ल्यात येणाऱ्या बाईला तो कोणी सांगितलेला नाही, आणि तिला दोष देऊन उपयोगही नाही, तिलाही घर चालवायचं आहे.

फळं-भाज्यांची गोष्ट वेगळी. त्या नेमाने खाणाऱ्यांची तब्येत चांगली राहते, हे पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे. फळात एकच रसायन नसतं; चोथा असतो, क्षार असतात आणि पाणी तर भरपूर असतं. आणि आम्ही राहतो कुठे? नागपुरात! काटोल, नरखेड, वरूड, मोर्शीचा माल आमच्या दाराशी येतो. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. थंडीत आंबिया बहार, ती सरता सरता मृग बहार. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये बाईसाठी दिवसाला ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्वाचं प्रमाण सांगितलं आहे. दोन मध्यम संत्र्यांत जवळपास तेवढं मिळतं. आणि संत्र्याचा अभिमान बाजूला ठेवून सांगायचं तर पेरू, ज्याला आम्ही नागपूरकर जाम म्हणतो, तो संत्र्याच्या कितीतरी पुढे आहे. शंभर ग्रॅमला दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास. हातगाडीवर मीठ-तिखट लावून मिळतो. पण त्याच्या अंगावर डाळिंबाचं चित्र नसतं, म्हणून त्याला कोणी औषध मानत नाही.

अम्मीची डबी चालू असतानाच तिला थकवा, डोकेदुखी आणि लघवीला जळजळ सुरू झाली. तपासणीत जंतुसंसर्ग निघाला. डॉक्टरांनी विचारलं, दिवसात पाणी किती पिता? अम्मी म्हणाली, “दो गिलास. कभी ढाई.”

दोन ग्लास, आणि तेही या शहरात! २३ मे २०१३ ला इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. घरोघरी कूलर एप्रिलपासूनच घरघरायला लागतात. अंगातून पाणी सतत जात असतं, आणि कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो म्हणून गेलेलं कळतही नाही. त्यातून वय वाढलं की तहान लागण्याची जाणीवच मंदावते. लघवी कमी आणि घट्ट झाली की जंतूंना थारा मिळतो, खडे धरतात. आठ ग्लासांचा जो नियम सांगतात तो काही पक्का नाही. डाळ, ताक, फळं यांतूनही पाणी मिळतं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टर उलट पाणी मोजून द्यायला सांगतात. पण मे महिन्यातले दोन ग्लास कुठल्याच हिशेबात बसत नाहीत.

२०२३ च्या जानेवारीत अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी ११,२५५ जणांच्या सुमारे तीस वर्षांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाणी कमी पडलं की रक्तातलं सोडियम वाढतं. ज्यांचं सोडियम वरच्या टोकाकडे होतं, त्यांच्यात जुनाट आजार जास्त होते आणि शरीर वयापेक्षा थकलेलं असण्याची खूणही जास्त. पाणी प्याल्याने म्हातारपण लांबतं, हे यातून सिद्ध झालेलं नाही. तसं सांगायला लागले तर माझ्यात आणि डबीवालीत फरक काय? पण ज्याला खर्च नाही अशा एका सवयीकडे ते बोट दाखवतं.

मग अम्मी पाणी का पीत नव्हती? तिच्या माहेरी सहा बिऱ्हाडांत एक संडास, अंगणाच्या पार टोकाला. मुलींनी पहाटे जायचं, नाहीतर अंधार पडल्यावर, तेही कोणाला तरी सोबत घेऊन. अधेमधे उठलेली मुलगी सगळ्या अंगणाला दिसायची. लग्नाला जायचं, प्रवास करायचा तर आदल्या रात्रीपासून पाणी बंद. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी शरीराला लावलेली ही शिस्त, आता घरात संडास असूनही सुटलेली नाही.

हे सगळं जुन्या काळातलं म्हणून सोडून दिलं असतं. पण आमच्या शाळेत मुलींच्या बाटल्या सकाळी भरलेल्या येतात आणि दुपारी तशाच भरलेल्या परत जातात. केरळने २०१९ मध्ये शाळांत पाणी पिण्याची घंटा सुरू केली, ती वाचून मी आठवीच्या वर्गात म्हटलं, आपणही तिसऱ्या तासाला पाणी पिऊ. दुसऱ्या बाकावरून आवाज आला, “टीचर, फिर जाना पड़ता है ना.”

मुलं हसली. मुली हसल्या नाहीत.

मुलींच्या बाजूला तीन दारं आहेत. दोनांना आतून कडी नव्हती, तिसऱ्याचं दार नीट लागत नव्हतं, आणि दुपारी नळ कोरडा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं आणि पिण्याचं पाणी, दोन्ही लिहिलेलं आहे. शाळेच्या कागदावर तीन स्वच्छतागृहं आहेतच. कडीचा रकाना कागदात नाही. महिन्यातले चार-पाच दिवस काही मुली घरीच राहतात, तेही हजेरीपटावर नुसतं ‘गैरहाजर’ म्हणून उतरतं.

आम्ही पाच शिक्षिकांनी वर्गणी काढली. दोन कड्या, तिसऱ्या दाराला सुतार, झाकणाची बादली, दोन मग, आणि दिवसातून दोनदा सफाई करणाऱ्या बाईंचा पगार. सगळं मिळून पहिल्या महिन्यात आलेला खर्च आमच्या मोहल्ल्यातल्या तीन डब्यांपेक्षा कमी होता. पहिला आठवडाभर कोणीच गेलं नाही. मग मुली जोडीने जाऊ लागल्या, एक आत आणि एक दाराशी, कडी असूनही. आता तिसऱ्या तासाला निम्म्या बाटल्यांची झाकणं उघडतात. बाकीच्या मुली अजून नुसते ओठ ओले करतात.

सफाईच्या बाईंचे पैसे आमच्याकडे एप्रिलपर्यंत आहेत. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तोवर व्यवस्थापनाकडून उत्तर यायला हवं. नळ टाकीला जोडण्यासाठी दुसरा अर्ज दिला आहे. त्यात या वेळी मुलींची संख्या, दारांची संख्या आणि नळ कोरडा पडण्याची वेळ, असं तिन्ही लिहिलं आहे.