वाघाच्या वाटेवरचे नकली डोंगर

ताडोबाचं बुकिंग कन्फर्म, जिप्सी ठरलेली, कॅमेऱ्याची बॅटरी फुल्ल... मस्त! पण एक विचारू? चंद्रपूरहून मोहर्ली गेटकडे जाताना गाडीत तुम्ही काय करत असता? बहुतेक जण अपुरी झोप पूर्ण करत असतात. साहजिक आहे. पण पुढच्या खेपेला जरा जागे राहा. कारण वाघाच्या आधी या रस्त्यावर दुर्गापूर आणि पद्मापूर लागतं, आणि तिथे कोळशाच्या खुल्या खाणी आहेत.

खिडकीतून सपाट माथ्याचे, पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर दिसतात. ते निसर्गाचे नाहीत, डम्परने आणून ओतलेले आहेत. कोळशाच्या थरावर जी माती, वाळू, दगड असतात ते सगळं आधी काढावं लागतं. खाणीतली माणसं त्याला 'ओबी' म्हणतात, म्हणजे ओव्हरबर्डन. एकदा खणलेली माती फुगते आणि आधीपेक्षा जास्त जागा खाते. खड्डा वाढतो तसा शेजारचा डोंगरही वाढतो.

'छे, आपला काय संबंध?' असं म्हणत असाल तर थांबा. शेजारीच चंद्रपूरचं २,९२० मेगावॉटचं महाऔष्णिक वीज केंद्र आहे. चंद्रपूरहून भिवंडीजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची खास वीजवाहिनी १९९९ पासून धावते आहे. मुंबईतल्या तुमच्या ऑफिसचा एसी आणि हे डोंगर तसे नातेवाईकच!

रस्ता आधी, कोळसा नंतर

खाण म्हणजे एक भलामोठा खड्डा, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ते एक उलटं शहर असतं. खाली खाली उतरणारं, आणि रोज नकाशा बदलणारं. शहरासारखंच इथेही पहिलं प्लॅनिंग रस्त्याचं. काही छोटे टप्पे सोडले तर चढ १६ ला १ पेक्षा तीव्र नको, असा खाण सुरक्षेचा नियम आहे. म्हणजे सोळा मीटर पुढे गेलात तर फार तर एक मीटर वर. भरलेला डम्पर चढताना दमायला नको आणि उतरताना ब्रेक तापायला नकोत, हा त्यामागचा साधा हिशोब. कडेला मातीचा बांध घालतात, म्हणजे चुकून चाक घसरलंच तर गाडी खाली जायच्या आत अडते. उन्हाळ्यात टँकर दिवसभर पाणी मारत फिरतात, नाहीतर धुळीत समोरचा डम्परही दिसायचा नाही.

पावसाळ्यात गेम बदलतो. विदर्भातली काळी माती ओली झाली की साबणासारखी होते. रस्ता घसरतो, ढीग घसरतो, काम ठप्प. म्हणून खाणीचं खरं टाइमटेबल ठरवतो तो पाऊस.

पाण्याला वाट द्या, नाहीतर ते शोधेल

खुल्या खाणीभोवती हारासारखा एक नाला खणतात. नावही तसंच, गारलँड ड्रेन. बाहेरचं पावसाचं पाणी आत येऊ न देता वळवायचं, हे त्याचं काम. तरीही आत पडलेलं पाणी सगळ्यात खोल जागी जमा होतं आणि तिथून पंपाने वर येतं. पण ते थेट नदीत सोडायचं नसतं. आधी मोठ्या टाक्यांत थांबवायचं, गाळ खाली बसू द्यायचा, मग पुढे.

ढिगांवरून वाहणाऱ्या पाण्याचंही असंच. पायऱ्या, पायथ्याशी भिंत, नाली. पर्यावरण परवान्यांत ढिगाच्या एकूण उताराला सहसा २८ अंशांची मर्यादा घातलेली असते. हे सगळं कागदावर छान दिसतं. पण एखादी नाली गाळाने भरली आणि कुणी उपसली नाही, तर डोंगराची माती जाणार कुठे? नदीत!

आणि चंद्रपूरची नदी म्हणजे इरई. काठावरच्या ढिगांमुळे तिचं पात्र आक्रसलं, गाळाने भरलं, ही इथल्या लोकांची अनेक वर्षांची तक्रार आहे. २०१३ आणि २०२२ मध्ये शहरात पूर शिरला. सगळा दोष खाणींवर ढकलणंही खरं नाही. धरणातून सोडलेलं पाणी, वर्धा नदीचा फुगवटा, पूररेषेतली घरं, ही कारणंही आहेतच. पण पाणी घरात शिरतं तेव्हा ते कोणाच्या वाट्याचं किती, हे बघत बसायला वेळ नसतो. नालीचा एक उतार चुकला की त्याची किंमत खाणीबाहेरचा माणूस मोजतो.

हिरवं म्हणजे सगळं ठीक?

कोळसा संपला की खाण बंद करायची, तिचंही प्लॅनिंग आधीच लागतं. कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये त्यासाठी नियमावली आणली. खाण बंद करण्याचा खर्च कंपनीने दरवर्षी थोडा थोडा एस्क्रो खात्यात भरायचा. खाणीचा पीएफच म्हणा ना!

फंडा असा, की सगळ्यात वरची सुपीक माती वेगळी जपून ठेवायची, ओबीने खड्डा मागून मागून भरत यायचं, शेवटी तीच माती वर पसरायची आणि झाडं लावायची. तरी एक खड्डा उरतोच, आणि त्याचं तळं होतं. वरची माती ओबीत मिसळून गेली, तर मात्र पुढे कितीही रोपं लावा, दगडावरच लावल्यासारखं.

आणि कुठली झाडं, हाही प्रश्न आहेच. फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज केंद्राच्या परिसरात वाघाच्या, तर दुर्गापुरात बिबट्याच्या हल्ल्यात माणसं मेली. तेव्हा चर्चेत आली ती वस्तीलगतची वेडी बाभळीची दाट झुडपं, जनावरांना लपायला आयती जागा. ताडोबा इतकं जवळ असताना नुसतं हिरवं करून भागत नाही. ते हिरवं कुणाच्या दारात उगवतंय, हे बघावं लागतं.

म्हणून पुढच्या वेळी त्या डोंगरांकडे बघाल तेव्हा तीन गोष्टी बघा. उतार किती उभा आहे? पायथ्याची नाली मोकळी आहे का? आणि वर काय उगवलंय? खाण कशी चालली आहे, हे बाहेरून कळायला एवढं बऱ्यापैकी पुरतं.

जायचं असेल तर...

चंद्रपूरच्या चालू खाणींत परवानगीशिवाय शिरायचा विचारही नको. रस्त्यावरूनच बघा. खाण आतून बघायची हौस असेल, तर वेस्टर्न कोलफिल्ड्सने एमटीडीसीबरोबर २०१६ मध्ये नागपूरजवळ सावनेरची भूमिगत आणि गोंडेगावची खुली खाण पर्यटकांना दाखवायला सुरुवात केली होती. निघण्याआधी नागपुरात चौकशी करून घ्या. आणि शक्यतो पावसाळ्यानंतर लगेच जा. पाण्याने कुठे काय केलंय, ते तेव्हाच स्पष्ट दिसतं.